ट्रॉलला टेड बसवायचं: कोळंबी किती जाते, भाव मिळतो का?

मिरकरवाडा_ट्रॉल
रत्नागिरीत कोळंबीच्या ट्रॉलला, म्हणजे बोटीमागे ओढत नेण्याच्या जाळ्याला, टेड, म्हणजे कासवाला बाहेर काढणारी लोखंडी चौकट, बसवा म्हणतायत. त्याशिवाय आपल्या कोळंबीवरची अमेरिकेची बंदी उठत नाही म्हणे. बंदरावर ओरड एकच: कासवासाठीच्या वरच्या भोकातून कोळंबी निसटते. फटका खरंच किती? आणि बसवणाऱ्याला भाव जास्त मिळतो का?

जाळेबांधणी
दादा, बरीचशी ओरड चुकीच्या कोनाची असते. चौकटीच्या कोनाची अमेरिकेची अट 30 ते 55 अंश, तुम्ही 45 धरा. चौकट 100 सेंमी लांब असेल तर तिचं वरचं टोक खालच्या टोकापेक्षा सुमारे 70 सेंमी मागे, खोल्याच्या, म्हणजे माल साठणाऱ्या शेवटच्या पिशवीच्या बाजूला यायला हवं. फार उभी राहिली की कासव दांड्यांवर दाबून राहतं, कचरा साचतो, दांड्यांमधले गाळे तुंबतात आणि कोळंबी पाण्याबरोबर भोकाकडे वळते. फार आडवी झाली तर पाण्याचाच ओघ वर जातो, कचरा नसला तरी. भोकावरचं झापड सैल शिवलं तरी तेच. चौकटीच्या वजनाला पुरतील एवढे बोये, म्हणजे तरंगते गोळे, दोन्ही बाजूंना बांधा, नाहीतर चौकट उलटते, भोक खाली येतं आणि माल तळाला सांडतो. कोन धक्क्यावर जाळं ताणून टांगून मोजा. ओल्या जाळ्याला ताण बसून कोन बदलतो, म्हणून काही फेऱ्यांनंतर परत मोजा.

दर्याहिशोब
भावाचं सरळ सांगतो: एकट्या बोटीला वेगळा भाव मिळेल असं धरू नका. 2019 पासूनची बंदी समुद्रातल्या कोळंबीवर आहे, तळ्यात वाढवलेली व्हेनामी कोळंबी तिच्यातून सुटते. अमेरिकेची मान्यता मुख्यतः देशाला मिळते आणि धक्क्यावर सगळ्यांची कोळंबी एकाच टबात पडते.

खरा तोटा कोळंबीचा नाहीच. दोन दांड्यांमध्ये 4 इंचांपेक्षा जास्त फट चालत नाही. आपल्याकडे त्याच ओढीत, म्हणजे जाळं ओढण्याच्या एका फेरीत, मोठी सुरमई, घोळ, पाकटही येते आणि ती कासवाच्याच वाटेने बाहेर जाते. अमेरिकेच्या कोळंबीवाल्याला त्याचं फारसं सोयरसुतक नसतं, आपल्या मालकाचं डिझेल मात्र त्याच मासळीवर निघतं. चौकटी फुकट वाटून दिल्या की काम झालं, हा हिशोब म्हणूनच कच्चा आहे. जमेला एवढंच: मोठे जेलीफिश आणि ओंडके खोल्यात जात नाहीत, कोळंबी चेचली जात नाही.

मिरकरवाडा_ट्रॉल
मोठ्या मासळीचं कोणी बोललंच नव्हतं. टेड बसेपर्यंत काय करायचं?

किनारा_वेळास
ओढ लहान ठेवा. कासव पाण्याखाली अडकलं की गुदमरतं, म्हणून दोन-तीन तासांची ओढ त्याला घातक. वेळास, आंजर्ले, गुहागरच्या किनाऱ्यांवर माद्या हिवाळ्यात अंडी घालायला येतात, तेव्हा तिथे किनाऱ्यालगत ओढूच नका.

निपचित कासव वर आलं तर मेलं समजून लगेच टाकू नका. पोटावर ठेवा, मागचा भाग निदान 6 इंच उचलून टेकू द्या, सावलीत ओल्या गोणपाटाखाली ठेवा, नाकपुड्या उघड्या राहू द्या. 4 तास तरी थांबा, 24 तासांपर्यंतही शुद्धीवर येतं. सोडताना इंजिन न्यूट्रलला घ्या आणि बोटीच्या मागच्या बाजूने हळूच पाण्यात सोडा.