स्विफ्टला मागे ड्रमऐवजी डिस्क ब्रेक बसवावेत का?

घाटकरी: मंडळी, 2014 ची स्विफ्ट डिझेल, एबीएस (चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नाही. गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना गाडी भरलेली असली की पायथ्याशी ब्रेकचं पेडल मऊ पडतं, जळका वास येतो. मागे डिस्क टाकली तर फरक पडेल? गाडीत आई-बाबा असतात, म्हणून काळजी वाटते.

स्पॅनरवाला: दादा, आधी पुढच्या चाकांपाशी वाकून बघा, वास तिथूनच येत असणार. ब्रेक दाबला की वजन पुढे झुकतं, बहुतेक काम पुढच्या डिस्कच करतात. पेडल मऊ पडणं म्हणजे ब्रेक ऑइल उकळतंय. नवं डॉट 3 दर्जाचं ऑइल उकळतं 205 अंशांना. ओल धरली की 140 लाच. सगळं काढून जास्त तापमानाला उकळणारं डॉट 4 भरा, डिस्कवर घासणारे पॅड बदला. आणि घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरा, पाय सतत ब्रेकवर नको.

घाटकरी: ऑइल गाडी घेतल्यापासून बदललेलंच नाही! तरीही डिस्क केलीच तर?

गॅरेजकाका: नुसती डिस्क आणि तिच्यावर पॅड दाबणारा कॅलिपर लावून भागत नाही. पेडलचा जोर ऑइलला देणारा मास्टर सिलिंडर, पुढच्या-मागच्या दाबाचं प्रमाण ठरवणारा व्हॉल्व्ह, हँडब्रेकची केबल, सगळं जुळावं लागतं. मागे दाब जास्त गेला तर ओल्या वळणावर मागची चाकं आधी लॉक होतात आणि गाडी फिरते. शिवाय गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर बंधन घालणारं मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहेच. माझ्याकडे आलात तर मी नाहीच म्हणेन. ड्रम उघडून साफ करा, आतून ड्रमवर घासणारे लायनर बघा, ते दाबणारा व्हील सिलिंडर गळतोय का तपासा.

घाटकरी: शनिवारी ड्रम उघडतो. ऑइलही आणतो.