पंचगंगा खोऱ्याचं १ किमी पाऊस-मॉडेल: सुपरकॉम्प्युटरवर वेळ मागायचा अर्ज कसा भरावा?

धोकापातळी_४३ यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात आमचा छोटा संशोधन गट आहे: एक कायम प्राध्यापक आणि पीएच.डी.चे दोन विद्यार्थी. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुराआधीचा पाऊस डब्ल्यूआरएफ या हवामान-मॉडेलवर उभा करायचा आहे. तीन डोमेन, म्हणजे मॉडेलचे चौकोनी प्रदेश, एकात एक बसवलेत (किमी म्हणजे बिंदूंमधलं अंतर, कंसात बिंदूंची संख्या): ९ किमी (२००×२००), ३ किमी (३०१×३०१) आणि १ किमी (३०१×३०१). उभे थर ५०, सीमेवरचा डेटा ईआरए५ या जागतिक हवामान-डेटासंचातला.

दोन भाग आहेत. पहिल्यात दोन्ही घटना प्रत्येकी ७ दिवस, १२ फिजिक्स जोड्यांसह (ढग, पाऊस वगैरे मांडणाऱ्या योजनांच्या जोड्या). दुसऱ्यात जून ते सप्टेंबर असे १० पावसाळे. विभागातल्या ३२ कोअरच्या वर्कस्टेशनवर मॉडेलमधला एक दिवस चालायला ६ तास लागतात. म्हणजे १० पावसाळे एका यंत्रावर घातले तर विद्यार्थ्याची फेलोशिप संपेल, पाऊस संपणार नाही.

कुठल्या यंत्रासाठी अर्ज करावा? किती कोअर-तास (एक कोअर एक तास चालला की एक) मागावेत? आम्ही ढोबळमानाने १० लाख लिहिलेत. आणि असे अर्ज नेमके कशावरून परत येतात?

---

नोडतास

१० लाख कुठून आले? हाच प्रश्न परीक्षक पहिला विचारेल, आणि "ढोबळमानाने" हे उत्तर चालणार नाही. मागणीचा आकडा गुणाकारातून यायला हवा आणि तो गुणाकार अर्जात दिसायला हवा.

तुमच्याच आकड्यांनी करू. ६ तास × ३२ कोअर = १९२ कोअर-तास, हा मॉडेलमधल्या एका दिवसाचा खर्च. पहिला भाग: २ × ७ × १२ = १६८ दिवस, म्हणजे ३२,२५६. दुसरा भाग: १० × १२२ = १,२२० दिवस, म्हणजे २,३४,२४०. बेरीज २,६६,४९६. अनेक नोडवर (नोड म्हणजे सुपरकॉम्प्युटरमधला एकेक संगणक) पसरल्यावर कार्यक्षमता ८० टक्के धरली तर ३,३३,१२०. फसलेल्या आणि परत चालवाव्या लागणाऱ्या जॉबसाठी २० टक्के वर धरा: ३,९९,७४४. म्हणजे ४ लाख. १० लाख मागून ४ लाखांचंच काम दाखवलंत, तर वेळ कापला जाईल एवढंच नाही, बाकीच्या आकड्यांवरचाही विश्वास उडेल.

एक शंका आधी मिटवा. ते ३२ खरे कोअर आहेत की थ्रेड? १६ कोअरच्या यंत्रात हायपरथ्रेडिंग (एक कोअर दोन थ्रेड म्हणून दाखवणं) चालू असेल तर प्रणाली ३२ दाखवते. तसं असेल तर दिवसाचा खर्च ९६ निघेल आणि सगळा हिशेब निम्म्यावर येईल. एलएससीपीयू ही लिनक्स आज्ञा चालवून "सॉकेट" आणि "प्रति सॉकेट कोअर" या दोन ओळी बघा, त्यांचा गुणाकार खरा. वर लिहिलेला "सीपीयू" आकडा धरू नका.

---

धोकापातळी_४३

बघितलं. २ सॉकेट, प्रत्येकी १६ कोअर. थ्रेड ६४ दाखवतोय. म्हणजे ३२ खरे.

---

नोडतास

मग १९२ तूर्त धरा. तूर्तच, कारण डब्ल्यूआरएफ मेमरीच्या वेगावर अडतं. ३२ कोअरचं वर्कस्टेशन आणि ४८ कोअरचा नोड यांत दर कोअरमागे मिळणारी मेमरी बँडविड्थ सारखी नसते. खरा आकडा त्याच यंत्रावर मोजायचा. बहुतेक ठिकाणी चाचणीपुरतं छोटं खातं मागता येतं. मुख्य अर्जाआधी ते घ्या.

---

भुईबावडा_घाट

कुठलं यंत्र, यावर. राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशन २०१५ मध्ये सुरू झालं. विज्ञान-तंत्रज्ञान विभाग आणि इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालय यांचं ते आहे. राबवतात पुण्याचं सी-डॅक आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था. त्यातली यंत्रं देशभरातल्या संस्थांत बसली आहेत: पुण्यात आयसरमध्ये परम ब्रह्म, वाराणसीत परम शिवाय, बंगळुरूत परम प्रवेग, शिवाय २०२४ मध्ये पुणे, दिल्ली आणि कोलकाता इथे परम रुद्र. बाहेरच्या संशोधकांना वेळ देण्याचे नियम, फॉर्म आणि शुल्क यजमान संस्थेप्रमाणे बदलतं. म्हणून आधी तिथल्या सुपरकॉम्प्युटिंग विभागाला ईमेल करून तिन्ही लेखी मागवा. शुल्क असेल तर ते प्रकल्पाच्या कुठल्या शीर्षाखाली बसतं हे आपल्या लेखा विभागाला आत्ताच विचारा, मंजुरी आल्यावर नको.

पुण्यातच आहे म्हणून परम सिद्धी-एआय किंवा ऐरावतच्या मागे लागू नका. ती जीपीयूची (ग्राफिक्स-एआय प्रोसेसरची) यंत्रं आहेत आणि नेहमीचं, सार्वजनिक डब्ल्यूआरएफ सीपीयूवर चालतं. जीपीयू नोड घेऊन त्यातले सीपीयू वापरणं म्हणजे दूध आणायला टँकर नेणं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेतलं अर्क (११.७७ पेटाफ्लॉप्स, २०२४) हवामानाचंच आहे खरं, पण ते पृथ्वीविज्ञान मंत्रालयाच्या अंदाजांच्या कामात गुंतलेलं असतं. त्यांच्या शास्त्रज्ञांबरोबर संयुक्त प्रकल्प असेल तरच तिकडे बघा.

अर्ज प्राध्यापकांच्या नावाने जाईल. प्रमुख संशोधक कायम नोकरीत असावा लागतो आणि संस्थाप्रमुखांचं पत्र लागतं. विद्यार्थ्यांची खाती त्यांच्याखाली, प्रत्येकाचं वेगळं. एकच पासवर्ड तिघांत फिरवू नका. उघडकीस आलं तर खातं बंद होतं. अनेक केंद्रं ठरावीक आयपी पत्त्यावरूनच प्रवेश देतात. महाविद्यालयाकडे स्थिर आयपी आहे का ते विचारून ठेवा. मोबाइल हॉटस्पॉटवरून लॉगिन होईल या भरवशावर राहू नका.

---

रांगेतला_पाचवा

४ लाखांचा हिशेब बरोबर आहे, पण खर्चच चुकीच्या जागी होतोय. कुठला डोमेन किती खातो ते बघा. टाइमस्टेप, म्हणजे मॉडेल वेळेत एका वेळी पुढे टाकतं ते पाऊल, अनुक्रमे ४५, १५ आणि ५ सेकंद धरले तर दिवसाला १,९२०, ५,७६० आणि १७,२८० पावलं होतात. ग्रिडबिंदूंना पावलांनी गुणा: १ किमीचा डोमेन एकटा ७२ टक्के वेळ खातो, ३ किमीचा २४ आणि ९ किमीचा ४ टक्क्यांच्या आत. १० पावसाळ्यांतल्या कोरड्या दिवसांवरही हे ७२ टक्के जळणार.

पावसाळे ३ किमीपर्यंतच चालवा. दिवसाचा खर्च १९२ वरून ५४ च्या आसपास येतो. १,२२० दिवसांचे ६५,८८०. त्यातून अतिवृष्टीचे १० झोत निवडा आणि प्रत्येकी ५ दिवस १ किमीवर परत चालवा: ५० दिवस, ९,६००. पहिला भाग आहे तसाच. बेरीज १,०७,७३६, वरच्याच पद्धतीने ०.८ ने भागून २० टक्के वाढवलं की १,६१,६०४. म्हणजे १.६ लाख मागा. प्रश्न तोच राहतो, मागणी ४ लाखांच्या निम्म्याहून कमी होते, आणि परीक्षकाला दिसतं की यांनी विचार करून मागितलंय.

१ किमी का हवं, याचं उत्तर मात्र अर्जाच्या पहिल्या पानावर लागेल. "जास्त रिझोल्यूशन चांगलं" हे कारण होत नाही. तुमच्याकडे खरं कारण आहे: गगनबावड्याला वर्षाला ५,००० मिमीच्या वर पाऊस, आणि ५०-५५ किमीवर कोल्हापूर शहरात १,००० च्या आसपास. ईआरए५ च्या ०.२५ अंशाच्या ग्रिडमध्ये हे सगळं अंतर दोन चौकोनांत संपतं. घाटमाथ्यावर पडलेलं पाणी कुंभी, कासारी, तुळशी आणि भोगावतीत कसं वाटलं जातं यावर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ठरते, आणि ३ किमीवर माथा बोथट होतो. हे लिहा, नकाशासकट.

---

नोडतास

पटलं. पावसाळ्यांना १ किमीचा हट्ट कशाला, हे मीही विचारायला हवं होतं.

आता स्केलिंग चाचणी, म्हणजे कोअर वाढवल्यावर वेग किती वाढतो याची मोजणी, कारण अर्ज सर्वांत जास्त इथे परत येतात. लोक "मॉडेल समांतर चालतं" एवढंच लिहितात किंवा दुसऱ्याच्या शोधनिबंधातला आलेख चिकटवतात. स्वतःचे डोमेन, स्वतःची नेमलिस्ट (मॉडेलच्या सेटिंगची फाइल), तेच यंत्र हवं. ४८, ९६, १४४, १९२ आणि २८८ कोअरवर मॉडेलमधला एक-एक तास चालवा. आरएसएल.एरर.०००० फाइलमध्ये प्रत्येक पावलाची "टायमिंग फॉर मेन" ओळ येते, तिची सरासरी काढा. पहिलं पाऊल वगळा. रेडिएशनची पावलं जड असतात, ती ठेवा, कारण खऱ्या रनमध्ये ती असणारच. आउटपुट लिहिण्याचा वेळ वेगळ्या रकान्यात.

कार्यक्षमता अशी मांडा: ४८ वर पावलाला १ सेकंद आणि १४४ वर ०.४ सेकंद लागत असेल, तर वेग २.५ पट वाढला, कोअर ३ पट झाले, कार्यक्षमता ८३ टक्के. ७० च्या खाली जाईल तिथे थांबा आणि त्याच्या आधीची कोअरसंख्या मागा.

तुमच्या डोमेनचं उत्तर कुठे पडेल ते आधीच सांगता येतं. डब्ल्यूआरएफवाल्यांचा नियम आहे की जास्तीत जास्त प्रोसेस म्हणजे दोन्ही बाजू प्रत्येकी २५ ने भागून केलेला गुणाकार. काटेकोरपणे तो सर्वांत छोट्या डोमेनला लावतात, तिथे २०० मुळे ८ × ८ = ६४ येतात; पण तुमचा बहुतेक वेळ ३०१ चे डोमेन खातात, आणि ३०१ ला २५ ने भागलं की १२, म्हणून १२ × १२ = १४४. अनेक परम यंत्रांत नोडला ४८ कोअर आणि १९२ जीबी मेमरी आहे, तेव्हा तीन नोड नेमके भरतात. आठ नोड मागितलेत तर ३८४ प्रोसेस होतील. ९ किमीच्या २०० बिंदूंच्या डोमेनचे तुकडे एका बाजूने १० बिंदूंच्या खाली जातील आणि मॉडेल सुरूच होणार नाही.

वॉलटाइमही (जॉबला घड्याळाप्रमाणे लागणारा वेळ) यातूनच निघतो. १४४ कोअरवर ३ किमीचा एक पावसाळा साधारण ५७ तास. रांगेची मर्यादा त्याहून कमी असू शकते, म्हणून रीस्टार्ट फाइल (थांबलेला रन तिथून पुढे चालवायची) दर ७,२०० मिनिटांनी, म्हणजे ५ दिवसांनी लिहा आणि जॉब साखळीने जोडा. हे वाक्य अर्जात असू द्या.

---

भुईबावडा_घाट

साठवणुकीचा रकाना कोणी बोललंच नाही. बरेच जण तिथे "१ टीबी" लिहून मोकळे होतात.

३००×३००×५० चं एक त्रिमित चल म्हणजे १८ एमबी. अशी २५-२७ चलं धरली की एका वेळेची फाइल ५०० एमबीच्या घरात, तासागणिक लिहिली तर दिवसाला १२ जीबी. १ किमीच्या २१८ दिवसांचे २.६ टीबी होतात, ते झेपेल. पण ३ किमीच्या १,२२० दिवसांचे १४.६ टीबी कोणी देणार नाही. पावसाळ्यांसाठी त्रिमित चलं बंद करा, पाऊस, वारा, तापमान अशी २० द्विमित चलं सहायक आउटपुटमध्ये तासाला लिहा. सगळं मिळून २१० जीबीच्या आसपास बसतं.

स्क्रॅच डिस्क, म्हणजे रनसाठीची तात्पुरती जागा, ठरावीक दिवसांनी साफ होते, बॅकअप नसतो. आणि २ टीबी कोल्हापूरला आणायचे तर १०० एमबीपीएसच्या पूर्ण वेगानेही ४४ तास. महाविद्यालयाच्या नेटवर त्याच्या दुप्पट धरा. विश्लेषण तिथेच करा, फक्त सरासऱ्या आणि नकाशे खाली उतरवा.

---

रांगेतला_पाचवा

मंजुरीनंतर पहिल्या आठवड्यात काय अडतं ते लिहितो, कारण वेळ तिथेच वाया जातो.

कंप्यूट नोडला बहुधा इंटरनेट नसतं. ईआरए५ आणि डब्ल्यूपीएस या डब्ल्यूआरएफच्या पूर्वतयारी प्रणालीचा भौगोलिक डेटा आधीच चढवून ठेवा. नेटसीडीएफ (डेटाफाइल वाचण्या-लिहिण्याची लायब्ररी) आणि डब्ल्यूआरएफ एकाच कंपायलरने बांधलेले हवेत. तिथलं तयार मोड्यूल मिळालं तर तेच घ्या. कंपाइल लावून रंकाळ्याला एक फेरी मारून या, तेवढा वेळ लागतो. लॉगिन नोडवर रिअल (मॉडेलची सुरुवातीची स्थिती तयार करणारा प्रोग्रॅम) किंवा डब्ल्यूआरएफ चालवू नका. जॉब मारला जातो आणि प्रशासकाची ईमेलही येते.

सुरुवातीलाच सेगमेंटेशन फॉल्ट आला तर कोडला दोष देण्याआधी जॉब स्क्रिप्टमध्ये स्टॅकची मर्यादा अमर्याद करा. रिअल हा प्रोग्रॅम थर जुळत नाहीत म्हणून थांबला तर मेटग्रिड थरांची (इनपुट डेटातल्या थरांची) संख्या बघा: ईआरए५ चे ३७ दाबथर आणि एक पृष्ठभाग, म्हणजे ३८.

१ किमीवर सह्याद्रीच्या कड्यांपाशी सीएफएल एरर (वाऱ्याच्या मानाने पाऊल मोठं पडल्याची) येणारच. घाट एकदम तुटतो, उभा वारा वाढतो आणि ५ सेकंदांच्या पावलात मावत नाही. नेमलिस्टमध्ये डब्ल्यू_डॅम्पिंग १ करा, ईपीएसएसएम ०.१ वरून ०.३ ते ०.५ पर्यंत न्या. तरी फुटलं तर बाहेरच्या डोमेनचं पाऊल ४५ वरून ३६ करा, आतलं आपोआप ४ होईल, खर्च सव्वापट. ही शक्यता २० टक्क्यांच्या राखीव वेळेचं कारण म्हणून अर्जात लिहा. ३ आणि १ किमीवर क्युम्युलस योजना (ग्रिडमध्ये न दिसणाऱ्या छोट्या ढगांचा अंदाज धरणारी) बंद ठेवा, ९ किमीवर चालू.

पडताळणीत एक सापळा आहे. हवामान विभागाचा दिवसाचा पाऊस सकाळी ८:३० ते ८:३०, म्हणजे ०३ ते ०३ यूटीसी (जागतिक वेळ). मॉडेलचा पाऊस ०० ते ०० जोडलात तर मॉडेल चांगलं असूनही आकडे जुळत नाहीत, आणि मग बारा जोड्यांच्या तेरा होतात.

---

धोकापातळी_४३

आकडे नव्याने मांडले: १.६ लाख कोअर-तास, तीन नोड, ३ टीबी. चाचणी खात्याची ईमेल आज पाठवतोय. शेवटचं एक: सगळा वेळ एकदम मिळतो का? विद्यार्थ्यांचा कोर्सवर्क संपेपर्यंत पहिले तीन महिने हळू जातील.

---

नोडतास

बऱ्याच ठिकाणी वाटप तिमाहीने होतं आणि न वापरलेला वेळ पुढे सरकत नाही. म्हणून अर्जातच तिमाहीवार विभागणी द्या: पहिल्या तिमाहीत १० हजार, स्केलिंग आणि सीएफएलची डागडुजी एवढंच, दुसऱ्यात ५० हजार, १२ जोड्या, तिसऱ्या-चौथ्यात मिळून १ लाख, पावसाळे आणि झोत. समान चार भाग लिहू नका, पहिल्याच तिमाहीत ३० हजार बुडतील. आणि शोधनिबंधात त्या यंत्राचं आणि मिशनचं ऋणनिर्देशाचं वाक्य त्यांनी दिलेल्या शब्दांतच टाका, नूतनीकरणाच्या अर्जाला त्याची प्रत जोडावी लागते.