सोलापूरहून धाराशिव लेणी : ज्येष्ठांना व मुलांना घेऊन एका दिवसात जमेल का?

प्रश्न :
नमस्कार. दिवाळीनंतरच्या एखाद्या रविवारी सासूबाई, सासरे आणि दोन मुलांसह धाराशिव लेणी पाहण्याचा आमचा विचार आहे. तुळजापूरला आम्ही दरवर्षी जातो, परंतु तेथून पुढे इतक्या जवळ असलेली लेणी घरातील कोणीही पाहिलेली नाहीत, याची मला खंत वाटते. थोरला सहावीत असून त्याला प्राचीन भारताचा इतिहास अभ्यासाला आहे. सासूबाईंचे गुडघे दुखतात. त्यांना तेथवर जाणे झेपेल का, आणि मुलांना नेमके काय दाखवावे?

उत्तर १ :
अवश्य जावे. लेणी धाराशिव शहरापासून सुमारे आठ किलोमीटरवर, बालाघाटाच्या डोंगरात आहेत. वाहन सोडल्यावर थोडे चालावे लागते आणि पायऱ्याही आहेत, म्हणून सकाळी लवकर निघून ऊन चढण्यापूर्वी पोहोचावे व सासूबाईंच्या हाती काठी द्यावी. विजेरी, पाणी, कडक भाकरी आणि शेंगाचटणी घरूनच न्यावी.

उत्तर २ :
मुलांना दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात निवांत बसू द्यावे. त्याचा आराखडा अजिंठ्याच्या वाकाटक राजांच्या काळातील विहारांसारखा, म्हणजे भिक्षूंच्या निवासस्थानांसारखा असून मधला मंडप सुमारे ८० फूट लांब व तितकाच रुंद आहे आणि त्याच्या कडेने भिक्षूंच्या खोल्या आहेत. ही लेणी बौद्ध की जैन, यावर अभ्यासकांत दीर्घकाळ मतभेद आहेत. मुळात ती बौद्ध असून पुढे जैनांकडे आली, असे अनेकांचे मत आहे. कनकामर मुनींच्या ‘करकंडचरिउ’ या अपभ्रंश काव्यात तेरापूरजवळच्या (तेरापूर म्हणजे आजचे तेर, असे मानतात) लेण्यांची आणि तेथील पार्श्वनाथाच्या मूर्तीची कथा येते. मुलाला उत्तर आधी सांगू नये, मूर्ती पाहून त्याला काय वाटते ते विचारावे.

मात्र माझा आग्रह असा, की त्याच दिवशी याच जिल्ह्यातील तेर या गावीही जावे, कारण एवढे खोदकाम करवून घेणारी संपत्ती या डोंगरात कोठून आली, हे तेर पाहिल्याशिवाय उमगत नाही. तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात तगरचे कापड गाड्यांतून भडोच बंदराकडे जात असल्याचा उल्लेख आहे. चादरींच्या गावातल्या मुलांना तो नक्कीच आपला वाटेल. तेथील लामतुरे संग्रहालयातील हस्तिदंती स्त्रीमूर्ती आणि विटांचे त्रिविक्रम मंदिर चुकवू नये. या मंदिराचा मागचा भाग अर्धवर्तुळाकार व छप्पर गजपृष्ठाकार, म्हणजे हत्तीच्या पाठीसारखे गोलसर आहे, त्यामुळे चैत्यगृहाची, म्हणजे बौद्धांच्या प्रार्थनागृहाची घडण मुलांना डोंगराबाहेर, उघड्यावर पाहता येईल.

प्रश्नकर्ती :
दोघांचेही मनापासून आभार. तेर हे संत गोरोबाकाकांचे गाव असल्याने सासूबाईंनी तेथे येण्याचे लगेच मान्य केले आहे. सकाळी लेणी आणि दुपारी तेर, असा क्रम आम्ही ठरवला आहे. पायऱ्या अवघड वाटल्यास सासरे त्यांच्यासोबत वाहनापाशीच थांबतील.