आईच्या घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं, चिनी उपचार करावेत का?

नीता, डिचोली
नमस्कार. गेल्या चतुर्थीच्या थोडं आधी बाबा वारले. तेव्हापासून आईला (वय ६२) घशात जांभळाची बी अडकल्यासारखी वाटते. जेवताना त्रास नाही, उलट बरं वाटतं. रिकामी सोप्यावर बसली की सारखी खाकरते. घशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून पाहिलं, थायरॉइड तपासलं, सगळं नॉर्मल. मानसोपचाराच्या ओपीडीत एसिटालोप्राम ही नैराश्यावरची गोळी सुरू झाली, झोप थोडी सुधारलीय. बीपीची गोळी आधीपासून आहेच.

आता ओळखीच्यांनी किनाऱ्याकडच्या एका चिनी उपचार करणाऱ्याकडे नेलं. त्याने तक्ता दाखवला: दुःख फुफ्फुसात, राग यकृतात, भीती मूत्रपिंडात. "हे फुफ्फुसातलं दुःख" म्हणून बिननावाची पूड दिली आणि मनाची गोळी बंद करा म्हणाला. आईला तो पटलाय, कारण बाबांबद्दल त्याने आपणहून विचारलं. काय करू?

फोंडेकर
ताई, पूड आजच बाजूला ठेवा आणि गोळी चालू राहू दे. एसिटालोप्राम एकदम तोडली तर चक्कर येते, झोप उडते, मूळ दुखणं उसळू शकतं. चिनी औषधांत ज्येष्ठमध फार वेळा असतं. ते रोज पोटात गेलं तर बीपी चढतं, पोटॅशियम उतरतं. घशाच्या याच तक्रारीवरच्या जुन्या काढ्यात बान-श्या नावाचा कंद असतो. तो कच्चा विषारी, नीट शुद्ध केलेलाच चालतो. पुडीत काय आहे हे लिहिलेलंच नसेल तर विषय संपला.

मी स्वतः ॲक्युपंक्चर (सुया टोचण्याचे चिनी उपचार) करतो, तेव्हा हे त्या शास्त्राच्या प्रेमापोटीच लिहितोय. तुमच्या आईंची तक्रार चिनी वैद्यांच्या फार जुन्या ओळखीची आहे. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी चांग चोंग-चिंग या वैद्याने लिहून ठेवलंय, की काही बायकांना घशात भाजलेल्या मांसाचा तुकडा अडकल्यासारखा वाटतो. पुढे त्या दुखण्याला आलुबुखाराच्या कोयीचं नाव पडलं. आई जांभळाची बी म्हणतात, म्हणजे जवळजवळ तेच.

आणि ते वैद्य याला निव्वळ फुफ्फुसाचं दुखणं धरत नाहीत. ह्वांग-ती नेइ-चिंग या ग्रंथात सांगितलंय, की रागाने 'ची' (शरीरात वाहणारी जीवनशक्ती) वर चढते, भीतीने खाली जाते, दुःखाने विरते आणि अति विचाराने तिची गाठ बसते. आईंच्या घशात आहे ती गाठ. यकृताची ची मोकळी वाहत नाही, कफ साठतो, दोन्ही मिळून घशाशी अडतं. (यकृत म्हणजे इथे रक्ततपासणीतलं यकृत नव्हे हं, शरीरातल्या काही कामांचा तो गट आहे.) त्यामुळे बाबा गेले याचं दुःख आहेच, पण त्यांच्यामागे आईंच्या डोक्यात रोज काय घोळतंय? ते विचारा. चांगला वैद्य तक्त्यावर थांबत नाही. जीभ पाहतो, दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून नाडी बघतो, भूक, पोट, झोप सगळं विचारतो.

घरी एक करता येईल. मनगटाच्या घडीपासून आईंचीच तीन बोटं वर, आतल्या बाजूला, दोन ताठ दोऱ्यांच्या मध्ये नेइ-क्वान बिंदू आहे. श्वास सोडताना अंगठ्याने हळू दाबा, मिनिट-दोन मिनिटं. तुम्ही स्वतः बसून दाबा, त्यांचं त्यांना करायला सांगू नका.

सुयांबद्दल: कॉक्रेन ही संस्था उपचारांवरचे अभ्यास एकत्र करून तपासते; तिचा नैराश्यावरच्या ६४ अभ्यासांचा आढावा २०१८ साली आला. थोडा फायदा दिसतो, पुरावा मात्र कच्चा आहे. गोळीच्या जोडीला जरूर करा.

म्हापशाची सून
बोलण्याचे उपचारही विसरू नका. आपल्याच गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत 'संगाथ' संस्थेने डॉक्टर नसलेल्या माणसांना शिकवून नैराश्यावर समुपदेशन केलं, सहा ते आठ भेटींत. गुण आला, आणि तो अभ्यास २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. माणसाने काय काय करायचं सोडलंय ते शोधतात आणि एकेक पुन्हा सुरू करून देतात. माझे सासरे भजनाला परत जायला लागले ते असंच, आम्ही मागे लागून. रात्री-अपरात्री बोलायचं झालं तर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे.

नीता, डिचोली
खूप आभार दोघांचे. आईने पूड माझ्या हातात दिली. काल मनगट दाबता दाबता म्हणाली, कुळागर विकायचं भाऊ ठरवतोय, आणि बाबांची माडा-पोफळींची पाण्याची पाळी कोण बघणार म्हणून तिला पहाटेच जाग येते. हे ती कोणाला बोललीच नव्हती. सुया लावायला तयार आहे. हृदयासाठी ॲस्पिरिनही चालू आहे, चालेल ना?

फोंडेकर
बहुतेकांना चालतं, पण सुई लावणाऱ्याला आधी सांगा. काढल्यावर कापूस जरा जास्त वेळ दाबून धरतील. सुया नव्याच हव्यात, पाकीट तुमच्यासमोर फोडायला लावा. ओपीडीच्या डॉक्टरांनाही कळवून ठेवा. गिळताना अडलं, वजन उतरलं किंवा आवाज बसला तर लगेच पुन्हा घशाच्या डॉक्टरांकडे. आणि कुळागराचा विषय भावाशी काढाल तेव्हा आईंना त्या बैठकीत बसवा.