‘नांगर फिरवला’ म्हणताना गाढव कुठे गेले?

धागाकर्ता, परभणी

भाव पडले की टोमॅटोसारख्या उभ्या पिकावर ‘नांगर फिरवला’ अशा बातम्या सुरू होतात. परवा अशाच एका बातमीसोबतचे छायाचित्र पाहिले, तर ट्रॅक्टरमागे नांगर नव्हताच, फिरत्या पात्यांचा रोटाव्हेटर होता. पण माझी हरकत अवजाराच्या नावापुरती नाही. मूळ वाक्प्रचार ‘गाढवाचा नांगर फिरवणे’ असा आहे. १६३० च्या सुमारास आदिलशाहीतल्या मुरार जगदेवाने पुणे बेचिराख करून तेथे गाढवांचा नांगर फिरवला आणि पुढे जिजाबाईंनी बाल शिवाजींच्या हातून त्याच भूमीवर सोन्याचा नांगर फिरवून घेतला, अशी हकिगत परंपरेने सांगितली जाते. दोन्ही वेळा नांगरच फिरला. एकदा त्याने गाव बुडवले, एकदा वसवले. याचा अर्थ विध्वंस गाढवात आहे, नांगरात नाही. गाढव गाळून नुसत्या नांगराला विध्वंसाच्या अर्थाने वापरणे म्हणजे ज्याच्यावर आपण जगतो त्या अवजाराची बदनामी करणे होय, असे माझे मत आहे.

उपसंपादक, लातूर

मथळे लिहिणाऱ्यांपैकी मी एक असल्याने उत्तर देणे भाग आहे. रोटाव्हेटर हा शब्द दोन कॉलमी मथळ्यात मावत नाही आणि मावला तरी वाचकाच्या पोटात कालवत नाही. ‘नांगर’ म्हटले की कालवते. वाक्प्रचार वापरून वापरून झिजतात आणि झिजताना त्यांतला एखादा शब्द गळून पडतो, यात बदनामी कसली? आपल्या न्यायाने तर ‘निधीला कात्री’ असे लिहिण्यापूर्वी समस्त शिंपीबांधवांची परवानगी घ्यावी लागेल.

औतवाला, गेवराई

मी धागाकर्त्यांच्या बाजूचा आहे, पण माझे कारण वेगळे आहे. आमच्या भारी काळ्या रानात पूर्वी नांगर दरवर्षी घालत नसत, वर्षाचे काम वखराच्या, म्हणजे माती वरवर खरवडणाऱ्या अवजाराच्या, पाळ्यांवर भागे. हराळी आणि कुंदा या चिवट तणांनी रान धरले की मग नांगर निघे, आणि तो ओढायला सहा-सहा, आठ-आठ बैल लागत. एका घरी एवढे बैल नसल्याने भावकीत सावड करावी लागे, म्हणजे एकमेकांचे बैल जोडावे लागत. माझ्या लहानपणी मी आमच्या थोरल्या चुलत्यांना रुमण्यावर, म्हणजे नांगराच्या मुठीच्या दांड्यावर, सगळा भार टाकून चालताना पाहिले आहे. फाळ ढेकूळ उलथून टाकी, त्या ढेकळातून हराळीच्या पांढऱ्या मुळ्या लोंबत असत, आणि मागून आम्ही पोरे त्या वेचून बांधावर ढीग घालत असू. चैत्राच्या उन्हात ते रान तापले की पुढच्या सालच्या पिकाची निश्चिंती होई. आता हेच काम पलटी नांगर एका दिवसात करतो. तेव्हा नांगर घालणे म्हणजे आमच्या लेखी पुढच्या वर्षावर भरवसा ठेवणे आहे.

राहिली गोष्ट उभे पीक काढून टाकण्याची. त्याला आम्ही ‘मोडणे’ म्हणतो. २०२२ साली गोगलगायींनी कोवळे सोयाबीन फस्त केले, तेव्हा आमच्या भागात लोकांनी ‘सोयाबीन मोडून दुबार पेरले’. बोंडअळीच्या साली कपाशीची ‘पऱ्हाटी मोडून गहू केला’. नांगराचे नाव कोणी घेतले नाही.

निवृत्त शिक्षिका, अंबाजोगाई

दादा, आपले वर्णन वाचून माहेरचे शेत आठवले. तरीही मी आपल्याशी आणि धागाकर्त्यांशी, दोघांशीही असहमत आहे. माझी आई शाळेची पायरी चढली नव्हती आणि वर्तमानपत्र तिच्या हाती कधी गेले नाही, पण शेजारच्या घरातला कर्ता जुगारात जमीन घालवून बसला तेव्हा ती म्हणाली होती, ‘यानं घरादारावर नांगर फिरवला.’ त्यात गाढव नव्हते आणि मथळाही नव्हता. हा अर्थ लातूरच्या कार्यालयात जन्मलेला नाही, तो चुलीपाशी होता.

आता तो अर्थ आला कुठून, ते सांगते. आपल्याकडे गावठाणाला पांढरी म्हणतात आणि शेतजमिनीला काळी. नांगराची जागा काळीत आहे, आणि पांढरीत तो शिरला याचा अर्थ तेथली घरे, भिंती, चुली संपल्या, माणसे उठून गेली आणि वस्तीचे रान झाले. विध्वंस गाढवात नसून जागेत आहे. गाढवाने त्यावर अपमान चढवला, एवढेच. पुण्याच्या हकिगतीतला नांगरही पांढरीवरच फिरला होता. सोन्याच्या नांगराने वस्ती परत बसवली, हे मात्र या नियमात बसत नाही, हे मी प्रामाणिकपणे मान्य करते. तेथे नांगर बहुधा शेतीच पुन्हा सुरू झाल्याची खूण असावा.

आणि नांगर केवळ घडवतो असेही नाही. हराळीला विचारून पाहा.

(अवांतर: जहाजाच्या नांगराचा विषय यात कोणी आणू नये. मराठवाड्यात समुद्र नाही.)

धागाकर्ता, परभणी

बाई, पांढरी आणि काळीचा मुद्दा मला सुचला नव्हता. गाढवाबद्दलचे माझे विधान मी मागे घेतो. मात्र त्याच मुद्द्याने माझी मूळ तक्रार अधिक पक्की होते, असे नम्रपणे सांगतो. टोमॅटोचे पीक काळीत उभे असते. तेथे नांगर आपल्याच जागी असतो, म्हणून आपल्या आईंचा अर्थ तेथे लागू पडत नाही. त्या शेतकऱ्याचे नुकसान बाजारात झाले, शेतात ट्रॅक्टर घालण्यापूर्वीच झाले. तो नंतर जे करतो ती पुढच्या पिकासाठी रान मोकळे करण्याची मशागत आहे. मथळ्यामुळे मात्र नासाडी त्यानेच केली असे वाचकाला वाटते आणि भाव पाडणारे नामानिराळे राहतात.

उपसंपादक, लातूर

हा मुद्दा मात्र लागला. तरी ‘टोमॅटो मोडला’ असे छापले तर शहरातला वाचक फांदी मोडली असे समजेल, त्याचे काय करायचे?

औतवाला, गेवराई

‘भाव नाही म्हणून टोमॅटो मोडून रान मोकळे केले’ असे लिहा. दोन कॉलमांत मावत नसेल तर तीन घ्या.