मदत हवी आहे: रात्रीचे जेवण तासाभरात कसे उरकावे, आणि माझे कस्टर्ड दर वेळी का फुटते?

नमस्कार. गेल्या दोन महिन्यांपासून आमच्या घरचा संध्याकाळचा स्वयंपाक माझ्याकडे आला आहे. पत्नीच्या कामाच्या वेळा बदलल्याने ती घरी येते तेव्हा आठ वाजून गेलेले असतात आणि मी साडेसहाला पोहोचतो, त्यामुळे ही वाटणी आपोआपच झाली. मला स्वयंपाक अगदीच येत नाही असे नाही. सुटीच्या दिवशी दोन-दोन तास खपून एखादा पदार्थ करायला मला पूर्वीपासून आवडते. मात्र सुटीचा स्वयंपाक आणि रोजचा स्वयंपाक ही दोन निराळी कामे आहेत, हे कळायला चाळिशी उलटावी लागली.

जेवणारी माणसे पाच. आईची कवळी नवी असल्याने तिला सारे मऊ लागते, शिवाय साडेसातनंतर ती जेवत नाही. थोरला अकरा वर्षांचा आहे आणि त्याची भूक दांडगी आहे. धाकटी सहा वर्षांची. तिला एका पदार्थाचा रस दुसऱ्याला लागलेला चालत नाही, मग दोन्ही पदार्थ एकाच पातेल्यातून आलेले का असेनात. पहिला महिना मी प्रत्येकासाठी थोडे थोडे वेगळे करत गेलो, आणि रात्री दहाला ओट्यापाशी उभा राहून चार पातेली व दोन कढया घासत राहिलो. हे फार दिवस चालणार नाही.

नेमके काय चुकते ते एका संध्याकाळवरून सांगतो. मागच्या आठवड्यात बटाटे आणि इतर भाज्यांचे दाटसर कालवण करायला घेतले होते. पाककृतीत एकूण वेळ चाळीस मिनिटे दिली होती आणि त्यात ‘कांदा पाच मिनिटे परतून गडद तपकिरी करा’ असे लिहिले होते. माझा कांदा तपकिरी व्हायला पस्तीस मिनिटे लागली. त्यावर टोमॅटो घातले, ते शिजल्यावर बटाट्याच्या फोडी घातल्या, झाकण ठेवले आणि वाट पाहिली. पंचवीस मिनिटांनीही फोडींच्या कडा टणकच होत्या. आईची वेळ टळून चालली होती म्हणून तसेच वाढले. तिने एक फोड काट्याने दाबली, ती निसटली आणि थेट पाण्याच्या पेल्यात जाऊन पडली. ती काही बोलली नाही. उठून पेला तेवढा बदलून आणला.

दुसरी अडचण गोडाची. आठवड्यातून दोनदा तरी जेवणानंतर घरी केलेले काही गोड असावे, असे मुलांना वाटते आणि मलाही वाटते. अर्धा लिटर दूध, चार अंड्यांचे पिवळे बलक आणि साठ ग्रॅम साखर घेऊन मी तीन वेळा कस्टर्ड केले. दूध गरम करून बलकांवर धारेने ओतायचे, मिश्रण परत आचेवर ठेवून ढवळत राहायचे, एवढी कृती मला पाठ आहे. ते दाट होऊ लागते, चमच्याच्या पाठीवर सुरेख थर धरते, मी निश्चिंत होतो आणि मिनिटभरात त्याच चमच्यावर बारीक कणी दिसू लागते. एकदा जिलेटिन वापरून ताज्या अननसाची जेली केली, ती रात्रभर फ्रीजमध्ये राहूनही पाण्यासारखी पातळ राहिली. क्रीम फेटण्याचा प्रयत्नही असाच फसला. वीस मिनिटे यंत्र फिरवूनही ते फुलले नाही.

तेव्हा जाणकारांना विचारायचे आहे ते असे. पाच माणसांचे जेवण साधारण एका तासात, एकाच मुख्य भांड्यात आणि सगळ्यांना चालेल असे कसे बसवावे? मंद आचेवर आठ तास शिजवणारे विजेचे भांडे घ्यावे असा घरात विचार आहे. सकाळी त्यात राजमा घालून निघून गेल्यास चालेल का? आणि कस्टर्डचे, जेलीचे, क्रीमचे नेमके काय बिनसते? नव्या पाककृती सुचवण्यापेक्षा चुकीचे कारण सांगितलेत तर मला अधिक उपयोग होईल.

प्रतिसाद १

बटाट्यापासून सुरुवात करतो, कारण आपल्या आईंचा तो पेला डोळ्यांसमोरून हलत नाही. टोमॅटोच्या आंबटपणाने भाजीच्या पेशींना जोडून ठेवणारे घटक लवकर विरघळत नाहीत, त्यामुळे आंबट रसात टाकलेला बटाटा कितीही उकळला तरी बाहेरून टणक राहतो. आधी बटाटे साध्या पाण्यात किंवा कांद्यावर थोडे पाणी घालून सुरी आरपार जाईपर्यंत शिजवावेत आणि मगच टोमॅटो, लिंबू किंवा व्हिनेगर जे काही असेल ते घालावे. सर्व कडधान्यांनाही हाच नियम लागू आहे. साहित्य तेच आणि आचही तीच, केवळ क्रम बदलला की आपली वीस-पंचवीस मिनिटे वाचतील.

कांद्याच्या बाबतीत आपली काहीही चूक नाही. पाच मिनिटांत कांदा फार तर पारदर्शक होतो. गडद तपकिरी आणि गोडसर व्हायला मंद आचेवर चाळीस ते पंचेचाळीस मिनिटे लागतातच, आणि पाककृती लिहिणारे हे सरसकट का दडवतात हे मला आजवर उमगलेले नाही. मी सुटीच्या दिवशी किलोभर कांदा एकदम परतून ठेवतो. त्याचा जेमतेम दीड-दोन वाट्या ऐवज उरतो. तो बर्फाच्या साच्यात भरून गोठवला की रोज दोन वड्या कढईत टाकून थेट पुढच्या पायरीवर जाता येते. आपल्या एका तासाचे गणित मुख्यतः इथेच सुटेल.

प्रत्येकासाठी वेगळे शिजवू नका, एकाच पातेल्यातून वेगवेगळ्या वेळी काढून घ्या. बटाटे, गाजर, वाटाणे असे काही नुसते मीठ घालून शिजले की धाकटीचा वाटा कोरडाच उचलून ताटलीत ठेवा. आईंचा वाटा त्याच वेळी दुसऱ्या वाडग्यात काढून, थोडे लोणी आणि भाज्या शिजवलेले पाणी घालून घोटून घ्या. त्यांचे जेवण सव्वासातला तयार असेल. उरलेल्यात कांद्याच्या वड्या, टोमॅटो, मसाला आणि हवे तर उकडलेली अंडी घालून आणखी पंधरा मिनिटे ठेवा, म्हणजे पत्नी येईपर्यंत ते मुरलेलेही असेल.

आता विजेच्या भांड्याविषयी, आणि हे कृपया गंभीरपणे घ्यावे. कच्चा राजमा थेट त्यात घालू नका. राजम्यात एक नैसर्गिक विषारी द्रव्य असते. ते उकळत्या पाण्यातच नष्ट होते आणि मंद आचेच्या भांड्यात बरेचदा तेवढी उष्णता येत नाही. अर्धवट तापलेला राजमा खाल्ल्याने काही तासांत उलट्या आणि जुलाब सुरू होतात. राजमा रात्रभर भिजवावा, ते पाणी ओतून द्यावे, ताज्या पाण्यात किमान दहा मिनिटे खळखळून उकळावा आणि मगच मंद आचेवर सोडावा. मी तर तीस मिनिटे उकळतो. प्रेशर कुकर असल्यास ही काळजीच उरत नाही, आणि खरे सांगायचे तर मग त्या दुसऱ्या भांड्याचीही गरज उरत नाही.

प्रतिसाद २

मी फक्त कस्टर्डविषयी लिहिते, कारण माझ्या हातून ते आपल्यापेक्षा कितीतरी अधिक वेळा फुटले आहे.

चमच्याच्या पाठीवर थर धरला आणि बोटाने मधोमध ओढलेली रेघ तशीच राहिली की कस्टर्ड झालेले असते. त्यानंतर आपण ‘निश्चिंत होतो’ असे लिहिले आहे. ते मिनिट घातक आहे. दूध आणि साखर मिसळलेले बलक साधारण ८० अंश सेल्सिअसला दाट होतात, आणि ८५ अंशांच्या पुढे त्यांतील प्रथिने इतकी आवळली जातात की पाणी बाहेर टाकून त्यांची कणी होते. म्हणजे हाताशी चार-पाच अंशांचीच सवड असते. शिवाय जाड बुडाच्या पातेल्यात आच बंद केल्यावरही उष्णता वरच चढत राहते. म्हणून गाळणी आणि रिकामा थंड वाडगा आधीच शेजारी मांडून ठेवावा, रेघ टिकली की त्याच क्षणी कस्टर्ड त्यात गाळून ओतावे आणि पुढे दोन मिनिटे ढवळत राहावे. स्वयंपाकाचा तापमापक मिळाल्यास अवश्य घ्यावा आणि ८० अंशांना पातेले उतरवावे. कणी अगदी नुकतीच दिसू लागली असेल तर त्याच वेळी गाळून, दोन चमचे थंड दूध घालून जोराने फेटल्यास बरेचदा निभावते. पुढे गेलेले कस्टर्ड मात्र परत येत नाही.

मुले आजूबाजूला असताना एवढे लक्ष देणे शक्य नसेल, तर साखर आणि बलकांतच दोन मोठे चमचे, म्हणजे साधारण १५ ते २० ग्रॅम, कॉर्नफ्लोअर मिसळावे. पिष्ट (स्टार्च) असले की बलक सहजी फुटत नाहीत आणि मिश्रण उकळता येते. येथे मात्र उलट चूक होते: लोक घाबरून ते उकळतच नाहीत. बलकांत पिष्टाचे विघटन करणारे एक विकर (एन्झाइम) असते, आणि ते उकळीने निकामी झाले नाही तर रात्री दाट असलेले कस्टर्ड सकाळी फ्रीजमधून पातळ होऊन निघते. तेव्हा बुडबुडे येऊ लागल्यावरही पूर्ण एक मिनिट सतत ढवळत उकळावे. चवीला हे किंचित जड लागते, पण दिवसभराच्या कामानंतर मला तेच परवडते.

प्रतिसाद ३

जेली आणि क्रीम यांची कारणे थोडक्यात देतो. ताजा अननस, पपई आणि किवी यांत प्रथिने तोडणारी विकरे असतात. जिलेटिन हे प्रथिनच असल्याने ते जमत नाही. अननसाच्या फोडी पाच मिनिटे उकळून घ्याव्यात किंवा डब्यातला अननस घ्यावा, कारण तो आधीच तापवलेला असतो. ताजेच फळ हवे असेल तर चायनाग्रास वापरावे. ते समुद्री शेवाळापासून होते, त्यावर या विकरांचा परिणाम होत नाही, आणि एकदा जमले की ८५ अंशांच्या आसपास तापल्याशिवाय वितळत नाही, त्यामुळे टेबलावर राहिले तरी बिघडत नाही.

क्रीमच्या डब्यावरील स्निग्धांशाचा आकडा पाहावा. तो ३० टक्क्यांच्या खाली असेल तर यंत्र तासभर फिरवूनही क्रीम फुलणार नाही. ३५ टक्के असल्यास काम सोपे होते. क्रीम, भांडे आणि पाती तिन्ही फ्रीजमधून काढलेली थंडगार असावीत.

एक अनाहूत सल्ला. गोड त्याच संध्याकाळी करायला घेऊ नये. कस्टर्ड, जेली आणि शिजवलेली फळे हे सारे आदल्या रात्री करून ठेवल्याने चांगलेच लागते.

मूळ प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. रविवारी किलोभर कांदा परतला. घरभर वास दोन दिवस होता, पण साच्यात सोळा वड्या निघाल्या. सोमवारी बटाटे आधी शिजवले, आईचा वाडगा सात वाजून दहा मिनिटांनी टेबलावर होता, आणि पाण्याचा पेला शेवटपर्यंत स्वच्छ राहिला. कॉर्नफ्लोअर घातलेले कस्टर्डही फुटले नाही. धाकटीने ते केळ्यापासून चार बोटे लांब ठेवून खाल्ले.

आता एकच शंका उरली आहे. सोमवारचा भात बराच उरला होता आणि तो रात्रभर ओट्यावरच राहिला, म्हणून मी टाकून दिला. पत्नीचे म्हणणे असे की खरपूस गरम केला असता तर चालला असता. पुढच्या वेळी काय करावे?

प्रतिसाद १

टाकलात ते योग्यच केलेत. तांदळात असलेल्या एका जिवाणूची बीजे शिजवल्यावरही जिवंत राहतात. भात कोमट अवस्थेत तासन्‌तास राहिला की ती वाढून विष तयार करतात आणि ते विष पुन्हा गरम करण्याने नष्ट होत नाही. पुढच्या वेळी जेवण उरकताच उरलेला भात रुंद ताटात पातळ पसरून निववावा, तासाभरात झाकून फ्रीजमध्ये ठेवावा, आणि दुसऱ्या दिवशी एकदाच, सगळीकडून वाफ येईपर्यंत गरम करून संपवावा. असा थंड, मोकळा झालेला भात कढईत परतायला ताज्या भातापेक्षा चांगला, तेव्हा मंगळवारच्या जेवणासाठी तो मुद्दाम उरवायलाही हरकत नाही. त्यात आपल्या कांद्याच्या दोन वड्या घाला.