दोन पेपर लागोपाठ: सांख्यिकी आणि व्यसनाधीन रुग्णाची शुश्रूषा

प्रश्न: दारू बंद केल्यावरच्या लक्षणांच्या वेळा डोक्यात बसत नाहीत. सांख्यिकीत संवेदनशीलता आणि विशिष्टता यांची दरवेळी अदलाबदल होते. काय करावं?

उत्तर १: वेळ शेवटच्या पेल्यापासून मोजा. ६ ते २४ तासांत थरथर, घाम, मळमळ. ६ ते ४८ तासांत झटके. ४८ ते ९६ तासांत डिलिरियम ट्रेमेन्स (तीव्र गोंधळ, भास, थरथर). सीवा-एआर (दारू सोडतानाच्या लक्षणांची तीव्रता मोजणारी) मोजपट्टीत १० बाबी असूनही कमाल गुण ६७ (नऊ बाबींना प्रत्येकी ७, ओरिएंटेशनला, म्हणजे स्थळकाळाच्या भानाला, ४च). थायमिन (जीवनसत्त्व ब१) ग्लुकोजच्या आधी, आणि कारण लिहाच: ग्लुकोज वापरताना उरलंसुरलं थायमिन खर्ची पडतं, वेर्निके एन्सेफॅलोपॅथीचा (थायमिनच्या कमतरतेने होणाऱ्या मेंदूच्या विकाराचा) धोका वाढतो. नुसता क्रम लिहिला की गुण अर्धेच.

उत्तर २: सूत्रं घोकू नका, आधी २×२ तक्ता काढा (व्यसन आहे/नाही, चाचणी पॉझिटिव्ह/निगेटिव्ह). समजा व्यसन असलेले ४०, चाचणीत सापडले ३०: संवेदनशीलता ७५%. नसलेले ६०, त्यांत निगेटिव्ह ५४: विशिष्टता ९०%. घोळ छेदात होतो. ३० ला सगळ्या पॉझिटिव्हनी, म्हणजे ३६ ने (३० आणि व्यसन नसूनही पॉझिटिव्ह आलेले ६) भागलं की ती पॉझिटिव्ह प्रेडिक्टिव्ह व्हॅल्यू (पॉझिटिव्ह आलेल्यांत खरंच व्यसन असलेल्यांचं प्रमाण), ८३%.

उत्तर ३: शुश्रूषेच्याच पेपरात ओपिऑइडच्या (अफूवर्गीय औषधांच्या) अतिमात्रेच्या उत्तरात नॅलोक्सोनवर (त्यावरच्या उताऱ्यावर) थांबू नका. नॅलोक्सोनचा असर ओपिऑइडच्या आधी ओसरू शकतो आणि श्वास पुन्हा मंदावू शकतो. श्वसनगती परत परत तपासणं लिहा.